सोलापूरच्या मुरमावर ग्रॅव्हल बाईक: घ्यावी का, आणि घेऊन फिरायचं कुठं

ग्रॅव्हल बाईक म्हणजे डांबरावर आणि कच्च्या रस्त्यावरही चालणारी, जाड टायरची सायकल. तिचे रिव्ह्यू नेटवर शोधले की सगळे बाहेरच्या देशातले नाहीतर पुण्या-मुंबईकडचे मिळतात, घाट, धुकं, पावसात भिजलेली जंगलातली वाट वगैरे. आपल्याकडं घाट नाही, जंगल म्हणाल तर माळरान, आणि पाऊस कधी येतो कधी नाही. मग सोलापूरसारख्या सपाट, कोरड्या जिल्ह्यात ह्या सायकलीचं काम काय असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी उत्तर आधीच देते: फक्त सकाळी हायवेनं जाऊन घाम काढून परत यायचं असेल तर नका घेऊ, बारीक टायरची रोड बाईक किंवा साधी हायब्रीड पुरे. पण जिल्ह्यातली गावं बघायची असतील, नदीकाठची देवळं, माळ, कॅनॉलच्या कडेच्या वाटा, तर आपल्या भागाला ह्याच्याइतकी फिट बसणारी सायकल दुसरी नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही, ह्या प्रकारच्या सायकलीचा आहे, सोलापुरात वापरून झालेला.

एक गैरसमज आधी काढते. ग्रॅव्हल म्हणजे डोंगरातली सायकल असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. ह्या प्रकाराला जी प्रसिद्धी मिळाली ती मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातून, तिथं एम्पोरिया नावाच्या गावातून २००६ पासून शेतरस्त्यांवरची दोनशे मैलांची रेस होते, म्हणजे तीनशे वीस किलोमीटरच्या वर. रस्ते कसले, तर गवताळ मुलखातून आणि रानातून जाणारे खडीचे, टोकेरी दगडांचे, झाड नाही, सावली नाही, समोरून वारं. आता हे ऐकून नान्नजचा माळ आठवत नाही का? पुढं २०१९ ला सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोनं खास ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स नावाचा गिअरसेट काढला. सांगायचा मुद्दा असा की ही सायकल मूळचीच आपल्यासारख्या मोकळ्या शेतीच्या मुलखाची आहे, महाबळेश्वरपेक्षा मोहोळला जास्त शोभणारी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्या जिल्ह्यातलं जे जुनं आहे ते हायवेवर नाहीच. सोलापुरातून निघणारे बरेच मोठे रस्ते आता चौपदरी झाले, विजापूर रोड झाला, पुणे रोड झाला, मंगळवेढ्याकडचा रत्नागिरी-नागपूर हायवे झाला, गाडीत बसलं की तासात कुठच्या कुठं. त्या नादात मधली गावं बायपासच्या पलीकडं गेली, आणि गावाच्या वेशीतला मारुती, त्याच्या शेजारी मांडलेले वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांचे कोरीव दगड, पडकी गढी, बारव, हे सगळं आत राहिलं. तिथं जायला शेवटचे पाच-सात किलोमीटर नेहमी मुरूम, खडीकरण नाहीतर पाणंद. रोड बाईकची अठ्ठावीस एमएमची टायरं तिथं टिकत नाहीत, मोटरसायकलनं जाता येतं पण भुर्रकन जाऊन भुर्रकन येणं होतं, आणि एमटीबी, म्हणजे डोंगरातली सायकल, घेऊन गेलं तर आधीचे तीस किलोमीटर डांबर तुडवतानाच पाय जातात. ग्रॅव्हल बाईक नेमकी ह्याच्या मधली, डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि मुरूम आला की वेग कमी होतो पण उतरावं लागत नाही.

माझी सायकल साधीच आहे, ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, पुढं एकच चकती आणि मागं अकरा, मॅकॅनिकल डिस्क ब्रेक. हँडल रोड बाईकसारखं वळलेलं पण खालचा भाग बाहेरच्या बाजूला फाकलेला असतो, गावातली पोरं त्याला म्हशीची शिंगं म्हणतात आणि खरंच म्हशीच्या शिंगांसारखंच दिसतं ते. ह्या फाकलेल्या हँडलचा उपयोग मोकळ्या खडीवर कळतो, हात लांब लांब असले की पुढचं चाक सरकलं तरी सावरता येतं. पुढं एकच चकती असल्यानं पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, नाही, म्हणजे धूळ जाऊन अडकायची एक जागा कमी, आणि आपल्याकडं चढ फार नसल्यामुळं गिअर कमी पडले असं कधीच वाटलं नाही.

पण सगळा खेळ टायरचा आहे हे लिहून ठेवा. फ्रेम, गिअर, रंग, सगळं नंतर. सोलापूर जिल्ह्यात येडी बाभूळ कुठं नाही ते सांगा, कॅनॉलच्या कडेला ती, नदीच्या पात्रात ती, पडीक रानात ती, आणि तिचा काटा चपलेतून पायात जातो तर टायरचं काय. उरलेलं काम सराटे करतात, जमिनीलगत पसरलेलं वेल आणि त्याला ते टोकदार काटे, सुगीनंतर सगळ्या बांधावर. माझ्या सायकलबरोबर आलेली टायरं ट्यूबवाली होती, ती घेऊन एकदा तिऱ्ह्याच्या पुढं सीना नदीच्या कडेनं गेले तर दोन्ही चाकं एकाच वेळी बसली, बघते तर सराट्यांची अख्खी रांग टायरवर. त्यानंतर ट्यूबलेस करून घेतली, चाळीस एमएम, आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं पातळ द्रव. आता काटा लागतो, फुस्स होतं, पांढरा थेंब बाहेर येतो, चाक चार फेऱ्या फिरलं की बंद. काटा दिसला तरी लगेच उपटू नका, घरी येऊन उपटा. मोठं भोक असेल तर प्लग लागतो, तो दोऱ्यासारखा असतो, सुईनं भोकात भरायचा, शिकायला पाच मिनिटं लागतात. फक्त एक, आपल्या उन्हाळ्यात सीलंट आतल्या आत वाळतं. कंपनीवाले लिहितात इतके महिने टिकतं तितके महिने, ते थंड हवेचं गणित आहे. मार्च ते जून मध्ये दर महिन्याला चाक हलवून आवाज ऐकायचा, खळखळ आली नाही तर भरायचं.

हवा किती ठेवायची ह्यावर लोक फार घोळ घालतात. माणसानुसार बदलतं, पण चाळीसच्या टायरला पन्नास-साठ किलोच्या माणसानं तीस ते पस्तीस पीएसआय ठेवून बघावं आणि तिथून वरखाली करावं. आपल्याकडं सायकलच्या दुकानात सवयीनं दगडासारखी भरून देतात, तशी भरली की मुरमावर दात वाजतात आणि पकडही राहत नाही.

आता कुठं जायचं ते. सगळ्यात आधी हत्तरसंग कुडल, कारण ह्या सायकलीसाठी ह्याच्याइतकी चांगली जागा जिल्ह्यात मला तरी माहीत नाही. सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर. विजापूर रोडनं निघायचं, वडकबाळला सीना ओलांडायची, तेरा मैलाच्या पुढं हायवे सोडून द्यायचा आणि आतल्या गावांतून जायचं, ऊस, ज्वारी, मध्येच तुरीचं रान, रस्ता कधी डांबरी कधी खडी. एका बाजूला सीना दुसऱ्या बाजूला भीमा, दोन्ही नद्या जवळ जवळ येत जातात आणि कुडलला एकत्र होतात, पलीकडचा काठ कर्नाटकाचा. गावात मराठी-कन्नड दोन्ही चालतं, पाणी मागितलं की आज्जी कन्नडमध्ये विचारते आणि सून मराठीत सांगते.

तिथं संगमावर दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. चालुक्यांच्या काळातली. संगमेश्वराच्या मंडपात तुळईवर एक छोटासा शिलालेख आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. वरचा मजकूर संस्कृत आणि शेवटची ओळ मराठी: वाछि तो विजेया होईवा. म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत ह्याची गणना होते आणि तो आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, हे सोलापुरातल्या किती जणांना माहीत आहे? मी ज्यांना ज्यांना नेलं त्यातल्या बहुतेकांना पहिल्यांदाच कळलं. आपले आनंद कुंभार, शिलालेखांचे संशोधक, त्यांनी गावोगाव फिरून असे लेख शोधले, वाचले, छापले, त्यांच्यामुळं हा लेख लोकांपर्यंत आला. लेख बघायचा तर मान वर करून थोडा वेळ तसंच उभं राहावं लागतं, अक्षरं उथळ आहेत, आधी नुसते ओरखडे वाटतात, मग डोळा सरावला की एखादं अक्षर सुटं दिसतं, मग शेजारचं. मोबाईलचा टॉर्च सरळ समोरून न मारता बाजूनं तिरका धरा, अक्षराच्या खोलीत सावली पडते आणि एकदम वाचायला येतं. आणि कृपा करून त्यावर खडू, पावडर, पीठ काही चोळू नका, हजार वर्षं टिकलेलं आहे ते.

हरिहरेश्वराचं देऊळ अनेक वर्षं ढिगाऱ्याखाली होतं. १९९९ मध्ये तो ढिगारा उपसताना बहुमुखी शिवलिंग सापडलं, एकाच लिंगावर ३५९ मुखं कोरलेली. आकडा ऐकून कळत नाही, जवळ बसून बघायला पाहिजे. ओळीनं चेहरे, इवले इवले, आणि मध्ये मध्ये बसलेल्या मूर्ती, कुणाचं नाक झिजलंय, कुणाच्या कानातलं अजून स्पष्ट आहे, आणि लिंगाभोवती फिरत गेलं तरी चेहरे संपतच नाहीत. दर्शनाला आलेली एक बाई मला म्हणाली, "ताई, ह्यातला एक तरी आपल्यासारखा दिसतोय का बघ." आम्ही दोघी बराच वेळ बघत बसलो. बाहेरचा गोल उघडा स्वर्गमंडप पण चुकवू नका.

गाडीनं गेलेले लोक इथं वीस मिनिटं थांबतात असं मी बघते. सायकलवर चाळीस किलोमीटर आलं की शरीरालाच बसायचं असतं, म्हणून आपोआप दोन तास जातात, आणि ह्या देवळांना दोन तास लागतातच. ही मला ह्या सायकलीची सगळ्यात मोठी देणगी वाटते, वेगाच्या गणितात न बसणारी.

नान्नज दुसरं. बार्शी रोडला वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे सकाळी लवकर निघालं तर ऊन चढायच्या आत परत. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं ते हे. माळढोक दिसेल ह्या आशेनं मात्र जाऊ नका, तो पक्षी आता इथं दिसणं जवळपास संपलंय आणि हे लिहिताना वाईट वाटतं. पण काळवीट दिसतात, कळपानं, आणि लांडग्यांचाही हा मुलूख आहे. अभयारण्याच्या हद्दीत सायकल घालायची नाही, परवानगी वन खात्याची लागते, गावातल्या आणि मार्डीकडं जाणाऱ्या रस्त्यांनीच फिरायचं, तिथूनही माळ भरपूर दिसतो. मार्डीला यमाई देवीचं जुनं देऊळ आहे, ते करून यायचं.

इथं एक बारीक गोष्ट सांगते, कुठल्याच रिव्ह्यूत मला मिळाली नव्हती. ह्या सायकलींचं मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, पायडल थांबवलं की जोरात कडकड वाजतं. रस्त्यावर छान वाटतं ते, घंटीचं काम करतं. पण माळावर काळवीट दिसला आणि आपण बघायला म्हणून पायडल मारायचं थांबवलं की तो आवाज सुरू होतो आणि कळप उडतो. म्हणून हळू हळू पायडल मारतच राहायचं आणि ब्रेक दाबत थांबायचं. असं केलं की जनावरं मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात. टिटव्या मात्र काही केलं तरी ओरडणारच, आणि चंडोल अगदी चाकापुढून उडतो. नान्नजमध्ये द्राक्षं पण आहेत, सोनाका ही द्राक्षाची जात नान्नजच्याच नानासाहेब काळ्यांनी काढलेली, फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रस्त्याच्या कडेला मिळतात, ताजी.

माचणूर लांब पडतं तसं, आणि जायचा मुख्य रस्ता हायवे आहे, म्हणून सायकलीला जरा कंटाळवाणा, पण कामतीच्या पुढं आतून गेलं तर बरं. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, आणि शेजारी किल्ला. औरंगजेब १६९५ ते १६९९ ह्याच परिसरात, ब्रह्मपुरीला, छावणी टाकून बसला होता. एवढा दिल्लीचा बादशहा चार वर्षं आपल्या भीमेच्या काठावर, ह्याची कल्पना किल्ल्याच्या तटावर उभं राहून करायला मजा येते. अलीकडच्या काठाला बेगमपूर, तिथली कबर औरंगजेबाच्या मुलीची असं गावात सांगतात. मंगळवेढ्याकडचं काळं रान सुरू होतं ते इथूनच, ज्या ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला ती मालदांडी. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर हुरड्याचा धूर लांबून दिसतो आणि सायकलवर बाई दिसली की लोक हाका मारून बोलावतात, "या ओ ताई, बसा की जरा." बसावं. गरम हुरडा, शेंगा चटणी, दही, एवढं खाऊन परत चाळीस किलोमीटर सहज होतात.

ज्यांना लांब जायचं नाही त्यांच्यासाठी हिप्परग्याचा तलाव, तुळजापूर रोडला. एकरुख तलाव म्हणतात तोच, अदिला नदी अडवून इंग्रजांच्या काळात बांधला, १८७१ ला पूर्ण झाला. हिवाळ्यात पक्षी असतात. आणि शहरातल्या शहरात करायचं तर सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात स्थापलेली अडुसष्ट लिंगं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज ह्या सगळ्या लिंगांच्या भेटीला निघतात ते आपण बघतोच, पण एरवीच्या दिवशी एखाद्या रविवारी पहाटे ती शोधत फिरून बघा, काही गल्लीत आहेत, काही शेताच्या कडेला, काही ठिकाणी तर शेजारच्या घरातल्या बाईला विचारल्याशिवाय सापडत नाहीत. आपलं शहर केवढं जुनं आहे आणि पूर्वी त्याची हद्द कुठवर होती ते ह्या एका फेरीत कळतं.

वीरगळांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. गावागावात मारुतीच्या पाराजवळ असतात, लोकांनी शेंदूर लावलेले, कुठं ऑइल पेंट मारलेला. बघायचे खालून वर: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत मेलेल्या वीराला अप्सरा घेऊन चालल्यात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि सगळ्यात वर सूर्य-चंद्र. कुठं कुठं खालच्या चौकटीत गायी दिसतात, म्हणजे गुरं सोडवताना मेलेला. एकदा वाचायला यायला लागलं की प्रत्येक गावात सायकल थांबते. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते त्या दगडाला कुठलं तरी देवाचं नाव सांगतात, पण नमस्कार मनापासून करतात.

आता वाईट बाजू, आणि त्या आहेत.

पहिली काळी माती. पावसाळ्यात काळ्या रानात ही सायकल घालूच नका. लोक म्हणतात चिखलासाठीच तर बनवली, पण तो चिखल वेगळा. आपली माती टायरला चिकटते, मग चिकटलेल्या मातीला माती चिकटते, टायर आणि फोर्कच्या मधली जागा भरते आणि चाक फिरायचंच बंद होतं. चारशे मीटरच्या पाणंदीत सायकल खांद्यावर घेऊन चालायची वेळ येते, आणि आता ती दुप्पट वजनाची झालेली असते. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ द्या, नाहीतर मुरमाचे रस्ते धरा, मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्टच, त्यातून पाणी लगेच निचरतं. घेताना टायरच्या बाजूला मोकळी जागा किती आहे ते बोट घालून बघा, पंचेचाळीसचं टायर बसणारी फ्रेम घ्या आणि चाळीसचं टायर घाला, म्हणजे जागा राहते.

दुसरी, पार्ट. मागच्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा एक छोटा पत्रा असतो, हँगर म्हणतात, तो मुद्दाम मऊ असतो म्हणजे सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक फ्रेमचा वेगळा. माझा वाकला आणि तो मिळायला तीन आठवडे गेले, दुकानदार रोज उद्या येतो म्हणायचा, शेवटी पुण्यातून एकानं मागवून दिला. सीझनच्या ऐन डिसेंबरात सायकल भिंतीला टेकून उभी होती, फार चीड आली. चारपाचशेची वस्तू आहे, सायकल घेतानाच एक जास्तीचा मागून घ्या आणि बॅगेत ठेवा. चेन तुटली तर जोडायची क्विक लिंक पण ठेवा.

तिसरी धूळ. मुरमाची धूळ आणि तेल मिळून चेनवर काळी पेस्ट तयार होते, ती सगळे दात खाऊन टाकते. घट्ट तेल वापरू नका, सुकं ल्यूब नाहीतर वॅक्स लावा, आणि आल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, एवढं जरी केलं तरी चेन बरीच टिकते. गाडी धुवायच्या सेंटरवर प्रेशरनं मारून घेऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं.

कुत्री. गावातली कुत्री भुंकतात आणि सोडतात, धनगरांची कुत्री वेगळी, ती मेंढरं राखतात आणि त्यांना सायकल म्हणजे धोका. लांबून मेंढरं दिसली की मी उतरते, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालते आणि जोरात हाक मारते, "मामा, कुत्रं धरा ओ." धनगर एक शीळ घालतो, कुत्रं बसतं. सायकलवरून पळायचा प्रयत्न केला तर ते पाठ सोडत नाही.

ऊस गाळपाच्या सीझनमध्ये, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, अंधारात रस्त्यावर राहू नका. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, गाणी मोठ्यानं लावलेली, त्याला आपण दिसत पण नाही आणि ऐकू पण येत नाही. आणि हाच आपला फिरायचा सीझन आहे, त्यामुळं सूर्योदयाला निघा आणि उशिरात उशिरा चारला घरी या. वारं पण दुपारनंतर वाढतं, म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वारं पाठीला असं ठरवता आलं तर बघा.

बाया-मुलींसाठी दोन शब्द, कारण मला हे सगळ्यात जास्त विचारतात. मी एकटी जाते. हायवेवर मला जितकं अवघड वाटतं तितकं आतल्या रस्त्यांवर कधी वाटलं नाही. गावात थांबलं की पहिला प्रश्न "केवढ्याला बसली ही?" आणि दुसरा "घरचे सोडतात का ओ?", दोन्हीचं हसून उत्तर द्यायचं, तेवढ्यात कुणीतरी पाणी आणतं. किमतीचं मी खरं सांगत नाही, निम्मी सांगते, तरीही लोक डोक्याला हात लावतात. लोकेशन घरी शेअर करून ठेवते, पाणी दोन बाटल्या फ्रेमला आणि एक पाठीला, आणि जाताना गावातल्या किराणा दुकानात थांबून कुठं चालले ते सांगून जाते, परत येताना तोच माणूस "आलात का" म्हणून विचारतो.

किमतीचं बोलायचं तर नवीन, बरी ग्रॅव्हल बाईक लाखाच्या आसपास जाते आणि त्यावर ट्यूबलेस, हेल्मेट, पंप हे वेगळं. एवढे नसतील तर दोन वाटा आहेत. एक, जुनी स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची हायब्रीड असेल, डिस्क ब्रेकवाली, तर तिलाच चाळीसची टायरं बसतात का बघा, नुसत्या टायरनं सत्तर टक्के काम होतं. दोन, सेकंड हँड. पुण्यात लोक हौसेनं घेतात आणि वर्षभरात विकतात. घेताना फोर्क आणि खालच्या नळीवर दगडाचे घाव बघा, चाक फिरवून डिस्क घासते का ऐका, चेन किती ताणली गेलीय ते दुकानातल्या मापानं तपासा, आणि मालकाला हँगर कुठला लागतो ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. साइज मोबाईलवर बघून ठरवू नका, आपल्याकडच्या बहुतेक बायकांना मीडियम फ्रेमचं हँडल लांब पडतं, त्यामुळं स्मॉल किंवा एक्स्ट्रा स्मॉल बसून, अर्धा तास चालवून मगच घ्या, आणि ती चालवून बघायची तर चौकात नाही, केगावच्या बाजूला विद्यापीठाच्या मागं थोडा मुरूम आहे तिथं नेऊन बघा.